फोनजवळ कोण उभं आहे?

मागच्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. भाच्याने हट्टाने तिकीट काढलं होतं, हैदराबादहून दिल्लीला. शेजारी एक पोरगेलासा इंजिनियर होता. दार बंद होईपर्यंत तो फोनवर बोलत होता, आणि त्याची कंपनी, त्याचा साहेब, साहेबाचा तिरसट स्वभाव आणि रविवारी पाहायला जायची मुलगी एवढं सगळं मला बसल्या जागी कळलं. मग फोन बंद करायची सूचना झाली. त्याने नाइलाजाने बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, आता विमान उडत असतानाही फोनवर बोलता येणार म्हणे. बोलू द्यावं का हो लोकांना? तुम्हाला काय वाटतं?"

फोनविषयी मला काय वाटतं, हे विचारणारा माणूस मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटला. मी नीट सावरून बसले, चष्मा पुसला, "त्याचं असं आहे" म्हणून सुरुवात केली, आणि बघते तर पोराने कानात इयरफोनची बोंडं घातलेली. म्हणून ते आता तुम्हाला सांगते आहे. दिवाळी अंकाच्या वाचकाने बोंडं घातली तरी निदान लिहिणाऱ्याला ती दिसत नाहीत.

मी परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नामांतराची चळवळ पेटली त्याच्या थोडं आधी नोकरीला लागले, आणि विद्यापीठाला नाव मिळालं तोवर आमचे बोर्ड भंगारात गेले होते. त्या काळात आमच्याकडच्या फोनवर नंबर फिरवायची सोयच नव्हती. घरी रिसीव्हर उचलला की आमच्या समोरच्या लाकडी बोर्डावर त्या नंबरची टिकलीएवढी झडप पडायची. आम्ही दोरीच्या टोकाची पिन त्या भोकात घालायचो, "नंबर प्लीज" म्हणायचो आणि दुसरी पिन हव्या त्या भोकात. हे झालं गावातल्या गावात. परगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचं. सुरतेहून बोरीला बोलायचं तर सुरतेची बाई मुंबईच्या बाईला गाठणार, मुंबईची औरंगाबादच्या बाईला, औरंगाबादची मला, आणि मी बोरीच्या पोस्टाला. इतके हात बदलेपर्यंत आवाज पार वाळून जायचा. कधी कधी दोन्ही टोकांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नसे, फक्त मधे बसलेल्या मला दोघांचं ऐकू यायचं. मग आम्ही मधून सांगायचो. तो म्हणतोय पैसे पोचले का, ती म्हणतेय पोचले. दिवसभर अशी दुसऱ्यांची वाक्यं बोलून घसा बसायचा आणि संध्याकाळी लक्षात यायचं, की स्वतःचं असं एक वाक्यसुद्धा आज आपण बोललो नाही.

खेड्यात फोन एकच असायचा, पोस्टात किंवा कुणा मातबराच्या ओसरीवर. तिथल्या माणसाशी बोलायचं तर त्याचं नाव सांगून पीपी कॉल लावायचा. पोस्टाचा माणूस त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणायचा. बोलावणं एकाला जायचं आणि येताना निम्मी गल्ली यायची. फोनवर एक जण बोलायचा, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. "काय मनायलाय?" हा प्रश्न मी मागून इतक्या वेळा ऐकलाय की तो लाइनचाच आवाज आहे असं वाटावं.

आम्हाला ऐकावं लागायचं. लाइन जिवंत आहे का हे बघायला अधूनमधून बोर्डावरची किल्ली, म्हणजे खटका, ओढून कान लावायचा, असा नियमच होता. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हाही नियम. आणि मधे आपलं काही बोलायचं नाही, हा सर्वांत मोठा. मोंढ्यातले एक कापसाचे व्यापारी होते, त्यांचा नियमांवर काडीचा विश्वास नव्हता. भाव बोलायच्या आधी ते म्हणायचे, "बाई, तुमी जरा कान काढा." मी म्हणायची, "काढला." ते थोडं थांबून विचारायचे, "काढला का?" मी म्हणायची, "हो, काढला." मग समाधानाने भाव सांगायचे. किती तरी वर्षं हे चाललं, आणि त्यांना त्यात कधी काही खटकलं नाही.

या नोकरीची एक गंमत म्हणा की शिक्षा म्हणा, ती म्हणजे सगळ्या गावाचे आवाज ओळखीचे आणि चेहरे अनोळखी. मी बाजारात वांगी निवडत उभी असायची आणि पाठीमागे कुणी तरी बोलायचं. मला लगेच कळायचं, याच्या मुलीचं लग्न मोडलंय, परवा पुण्याच्या भावाशी बोलताना हा रडला होता. तो माझ्याकडे बघायचा तर मी नुसती एक पिशवीवाली बाई. विचारावंसं वाटायचं, पण विचारणार कसं? मग वांगी घेऊन नानलपेठेतल्या माझ्या खोलीवर यायचं. माझं लग्न जमलं नाही. का जमलं नाही, तो या लेखाचा विषय नाही. आईवडील गेले होते, भाऊ नांदेडला त्याच्या संसारात. खोलीवर फोन नव्हता, आणि असता तरी कुणी केला असता असं वाटत नाही.

फोनजवळ कोण उभं आहे, याला किती महत्त्व असतं हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं. नामांतराच्या ठरावानंतर दंगली झाल्या, गावोगाव बौद्ध वस्त्या जाळल्या गेल्या, त्या दिवसांतली गोष्ट. औरंगाबादेहून एका मुलाने आपल्या गावी कॉल नोंदवला. होस्टेलवर राहणारा असावा, आवाज कोवळा होता. मी विचारलं, पीपी कोणाच्या नावाने? तो बोलेना. मग म्हणाला, "बाई, तिथला फोन कुणाच्या घरी हाय?" मी पाटलांचं नाव सांगितलं. त्यालाही ते माहीत असणार, तरी विचारलं. त्याला एवढंच विचारायचं होतं की आमचं घर आहे का, आई आहे का. पण ते विचारायचं तर पाटलांच्या ओसरीवर विचारायचं, आणि आईला त्याच ओसरीपुढे बोलावून घ्यायचं. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई. रद्द करा." मी कॉल रद्द केला. त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं इतक्या वर्षांत कधी सवयीचं झालं नाही.

आता कुशावर्ताची गोष्ट. ती पुष्कळ पुढची, बोर्ड जायच्या थोडी आधीची.

कुशावर्ता बोरीची सून. तिचं माहेर चुडाव्याचं, हे मला पुढे कळलं. तिचा नवरा मुंजाजी लग्नानंतर महिन्याभरात सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला आणि तिकडेच राहिला. अधूनमधून त्याचा दुपारी फोन यायचा, बोरीच्या पोस्टात, पीपी, नाव कुशावर्ता. तिला बोलावलं की सोबत सासरा यायचा. पोस्टात मास्तर असायचे, तिकिटं-पाकिटं घ्यायला आलेले चार जण असायचे. आधी सासरा फोन घ्यायचा आणि सुरतेपर्यंत दोरीशिवाय पोचेल अशा आवाजात बोलायचा.

"मुंज्या, आरं कसा हायस? हिकडं समदं बरं हाय. बैलाचा पाय बरा झालाय. घे, बोल हिच्याशी."

मग फोन तिच्या हातात. आणि पुढचं सगळं असं:

"कुशा, बरी हायस ना?"

"हं."

"जेवायलीस का येळंवर?"

"हं."

"म्या मागं इचारलं व्हतं त्याचं काय? हितं खोली मिळायलीय. येतीस का?"

यावर शांतता. मग अगदी बारीक आवाजात, "मामांना इचारा."

मामा म्हणजे सासरा, आणि तो दोन हातांच्या अंतरावर उभा. आमच्या भागात सासऱ्यासमोर सून नवऱ्याशी बोलत नसे. घरातसुद्धा नाही, मग पोस्टात चारचौघांत कुठून? 'मला तुमच्याकडे यायचंय' हे वाक्य सासऱ्याच्या देखत तोंडातून काढणं म्हणजे गावभर बोभाटा. मुंजाजीला हे कळायला हवं होतं, तोही त्याच मातीतला. पण लांब राहणाऱ्या माणसाला जवळची माणसं दिसत नाहीत. त्याला फक्त तिचं गप्प राहणं ऐकू जायचं.

एकदा तिचं बोलणं संपल्यावर तो मलाच म्हणाला, "बाई, फोन काटू नका. येक इचारू का? ती आशी का बोलायलीय? तिला यायचंच नसंल का?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "तुमची वेळ संपली आहे."

"न्हाई, म्या मनतो, लगीन झालं आन म्या लगेच हिकडं आलो. वळख बी झाली न्हाई धड. तिला म्या आवडलोच नसंल." एवढं बोलून त्यानेच फोन ठेवला.

खरं सांगते, मला त्या पोरीचा राग यायचा. एक शब्द बोल की बाई, असं वाटायचं. पण मी एक गोष्ट ऐकली होती जी त्याला कधीच ऐकू जाणार नव्हती. त्याने फोन ठेवला, सुरतेची लाइन गेली, मुंबईची गेली, तरी बोरीची लाइन माझ्या बोर्डावर चालूच असायची. ती रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी असायची. तिचा श्वास मला ऐकू यायचा. मग मास्तरांचा आवाज, "ठिव की पोरी आता, फोन मेला." आणि मग खट्ट. ज्याला ऐकायचंच नसतं, ते माणूस मेलेल्या फोनला कान लावून उभं राहत नाही.

पुढच्या खेपेला, तिला घरून बोलावून आणेपर्यंत मुंजाजी लाइनवर थांबला होता. तो मला म्हणाला, "बाई, खोलीवाला मनतो बायको आसंल तरच ऱ्हाऊ देतो. पोळ्यापस्तोर धरून ठिवायला लावलीय. आज ती काई बोलली न्हाई तर खोली सोडून देतो. परत इचारायचो न्हाई. गावाकडं बी येत न्हाई." आवाजात राग नव्हता. रागावलेला माणूस परवडतो. हा माणूस थकला होता.

त्या दिवशी लाइन इतकी स्वच्छ होती की बोरीच्या पोस्टातलं घड्याळ मला ऐकू येत होतं. सासऱ्याचं नेहमीचं बोलणं झालं, बैलाचं झालं, पावसाचं झालं. "घे, बोल." फोन कुशावर्ताच्या हातात आला आणि मी मधे शिरले.

"लाइन खराब आहे," मी दोघांना सांगितलं, "मी मधून सांगते." आणि किल्ली अशी ओढली की तिचं त्याला आणि त्याचं तिला ऐकू जाऊ नये. बोर्डावर ती सोय होती. ती अशा कामासाठी दिली नव्हती, एवढंच.

मी म्हटलं, "कुशावर्ता, मी परभणीची फोनवाली बाई. तू काही बोलू नकोस. मी विचारते ते हो असेल तर नुसतं हं म्हण. नसेल तर गप्प राहा. कळलं?"

श्वास थांबल्यासारखा वाटला. मग, "हं."

"मामा जवळ उभे आहेत?"

"हं."

"ते वाईट वागतात का तुझ्याशी?"

गप्प. मला बरं वाटलं.

"नवऱ्यावर रुसलीस का?"

गप्प.

"तो विचारतोय, सुरतेला येतेस का. तुला जायचंय?"

समजा ती आता गप्पच राहिली, तर तेही मला त्याला सांगावं लागणार होतं. तिच्या पाठीमागून सासऱ्याचं "काय मनायलाय?" ऐकू आलं.

"हं," ती म्हणाली. आणि मी काही न विचारता, पुन्हा एकदा, "हं."

मी तिला थांबायला सांगून किल्ली मुंजाजीकडे वळवली. "ती यायचं म्हणते आहे. खोली सोडू नका."

"तिनं मनलं?"

"हो."

"तिच्या तोंडानं?"

"हो. दोनदा."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "तुम्ही स्वतः या आणि घेऊन जा. वडिलांशी तुम्ही बोला, तिला बोलायला लावू नका." ऑपरेटरने मधे आपलं काही बोलायचं नाही, हा नियम मी त्या दुपारी असा पुरता मोडला. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पोळ्याच्या आधी तो आला. मला हे बोरीच्या मास्तरांकडून कळलं. लाइन तपासायला सकाळी फोन करायचे तेव्हा ते गावची एखादी बातमी द्यायचे. म्हणाले, "मुंजाची बायको गेली बरं का सुरतेला. म्हाताऱ्यानंच येष्टीत बसवून दिलं. गाडी गेल्यावर लय येळ उभा व्हता ततं." मी "बरं" म्हटलं आणि पिन काढली. त्या दिवशी कुणाला तरी हे सांगावं असं फार वाटलं. संध्याकाळी खोलीवर आले, कुलूप काढलं, आणि बाहेर नेता येईल असं आपल्याकडे काहीच नाही, हे आठवलं.

त्यानंतर सुरतेहून बोरीला तसे फोन आले नाहीत. येतील कशाला? ज्यांना बोलायचं होतं ते आता एका खोलीत होते.

पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. चौकाचौकात पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं आली. त्यांना काचेचं दार होतं. ते दार पाहून मला सगळ्यांत जास्त आनंद झाला होता. दार लावून बोलता येणं ही किती मोठी चैन आहे, हे ज्यांनी ती दारं बसवली त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. आमचे बोर्ड काढले, आम्हाला बिलांच्या टेबलावर बसवलं. तिथे लोक समोर येऊन बोलायचे. सबंध नोकरीभर ऐकलेल्या आवाजांना चेहरे मिळाले, आणि ते सगळे चेहरे माझ्यावर बिल जास्त आलं म्हणून ओरडत होते.

तर विमानातला तो मुलगा. उतरायच्या वेळी त्याने कानातली बोंडं काढली आणि त्याला आपला प्रश्न आठवला. "आजी, तुम्ही काही सांगत होतात."

मी म्हटलं, "बोलू द्यावं की. कुणाला एखाद्याशी बोलायचं असेल तर आपण अडवणारे कोण? फक्त त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघून विचारावं. ज्याला नुसतं हं म्हणता येतंय, त्याला भलतंसलतं विचारू नये."

"पण मग तो सांगणार कसा?"

"तेच तर," मी म्हटलं. एवढ्यात चाकं जमिनीला लागली आणि विमानभर सगळ्यांचे फोन एकदम बोलायला लागले. त्यात त्याचाही होता. माझाही पर्समध्ये होता. मी तो चालू केला, आणि तो काही बोलला नाही.

एक गोष्ट मी तुम्हालाही अजून सांगितलेली नाही. बोर्ड निघायच्या आधीची दुपार होती. औरंगाबादची बाई लाइनवर आली आणि म्हणाली, "परभणी, सुरतेहून पीपी घे." मी विचारलं, कोणाच्या नावाने? ती म्हणाली, "काय माहीत, बोरीला फोन लावून देणाऱ्या बाई, असं म्हणतेय. तूच असशील." सबंध नोकरीत माझ्या नावाने आलेला तो एकच कॉल, आणि त्यात नावसुद्धा नव्हतं.

बाजूच्या स्टुलांवरच्या मैत्रिणींनी माना वळवल्या. पाठीमागे सुपरवायझर साहेबांची खुर्ची कुरकुरली. बोर्डावर बसून स्वतःचा फोन घ्यायला सक्त मनाई होती.

"बाई, म्या कुशावर्ता," तो आवाज म्हणाला. मोकळं असं वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज भरदार होता, मला वाटला होता तसा नव्हता. मागे लहान मूल कुरकुरत होतं. "वळखलंव का?"

"हं," मी म्हणाले.

तिने विचारलं, "लोकं हायत का जवळ?"

"हं."

ती हसली. तेही मी पहिल्यांदाच ऐकलं. "मग तुमी बोलू नका. म्या इचारते. खरं आसंल तर हं मना, न्हाईतर गप ऱ्हावा. तब्येत बरी हाय ना?"

"हं."

"घरी वाट बघायला कुणी हाय का, बाई?"

मी समोरच्या बोर्डाकडे बघत राहिले. कुठल्या तरी नंबरची झडप पडली, ती मी उचलली नाही. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ कळायला तिला वेळ लागला नाही. त्या भाषेत तिचं आयुष्य गेलं होतं.

तिने आवाज खाली आणला, जसा काही तिच्याही शेजारी कुणी उभं होतं. "येकलं वाटतंय का लय?"

"हं," मी म्हणाले. आणि तिने काही न विचारता, पुन्हा एकदा, "हं."